झाडीपट्टीत चार दिवस: एक मोठा कॅमेरा, एक खिशातला

निघायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होते आणि आई शेजारी बसून तिचा कॅमेरा बाबांच्या जुन्या लोकरी मोज्यात घालत होती. गेली दहा वर्षं तो मोजाच त्याचं कव्हर आहे. माझ्या बॅगेत सोनीचा ए सेव्हन फोर, २४-१०५ मिलिमीटरची रोजची लेन्स, लांबचं जवळ आणणारी ७०-२०० ची जड लेन्स, चार बॅटऱ्या, कार्डं आणि चार्जर होता. काट्यावर ठेवली तर साडेतीन किलोच्या वर भरली. आईचा अख्खा कॅमेरा मोज्यासकट दीडशे ग्रॅम.

मी नागपुरात लग्नांचे फोटो काढते. प्रत्येक लग्नात दोन-तीन पाहुणे तरी बाजूला घेऊन विचारतात, "ताई, कोणता कॅमेरा घेऊ? महागडा घेतला तर खरंच फरक पडतो का?" मी आजवर घाईत काहीतरी उत्तर देत आले. या वेळी जानेवारीत आईच्या माहेरी जायचं ठरलं, झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात. गावात बैलांचा शंकरपट होता, त्याच रात्री नाटक होतं. म्हटलं, चार दिवस दोघी एकाच ठिकाणी फिरू, तू तुझ्या कॅमेऱ्यानं काढ, मी माझ्या. परतल्यावर घरच्या टीव्हीवर सगळे फोटो शेजारी शेजारी बघू. आई म्हणाली, "बघू. पण मला घाई करायची नाही."

पहिला दिवस: भिवापूर, पवनी, लाखांदूर

भंडाऱ्यावरून हायवेनं न जाता आम्ही उमरेड-भिवापूर-पवनी असे गेलो. रस्ता अरुंद आहे, पण जानेवारीत भिवापूरकडून जायला कारण असतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि हंगामात तिचे सातरे लागतात. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. गाडीची काच बंद असूनही नाकात तिखट शिरलं आणि वळणापलीकडे जमीनच लाल झाली.

चाळीसएक बाया ओळीनं बसून देठ खुडत होत्या. तोंडाला पदर, हातात वेग. मालकाची परवानगी घेऊन मी कॅमेरा काढला आणि मोठी लेन्स लावली. पहिल्या दोन मिनिटांत ओळ शांत झाली. एक बाई उठून सरळ माझ्याकडे आली. "पेपरात येते का हे? मंग आमची रोजी किती भेटते तेबी लिहा." मी म्हटलं, मी पेपरची नाही. तिनं माझ्या लेन्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला ते पटलं नाही. मलाही तिच्या जागी पटलं नसतं.

आई तोवर ओळीच्या टोकाला बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला आणि मूठभर मिरच्या खुडायला लागली. दहा मिनिटं ती फक्त खुडत होती. मग मोज्यातून कॅमेरा काढला, गुडघ्यावर ठेवला आणि शेजारच्या बाईशी बोलता बोलताच बटण दाबलं. त्या फोटोत बाईनं पदर खाली केला आहे, ओठाच्या कोपऱ्याला मिरचीचं बी चिकटलं आहे आणि ती आईला काहीतरी सांगते आहे. माझ्या साठ फोटोंत एकाही बाईचा चेहरा इतका मोकळा नाही.

पण मिरची मात्र माझ्याच फोटोत दिसते. इतका गडद लाल रंग कॅमेऱ्याला अवघड जातो. लाल रंगाची नोंद आधी काठोकाठ भरते आणि बारकावे बुजतात. आईच्या कॅमेऱ्यानं तिथल्या तिथे जेपीईजी करून टाकलं, त्यात सातरा म्हणजे एक सपाट लाल सतरंजी झाली. माझ्याकडे रॉ फाइल होती, म्हणजे कॅमेऱ्यानं काहीच न बदललेली कच्ची नोंद. घरी आल्यावर लाल रंग खाली ओढला तेव्हा प्रत्येक मिरचीची सुरकुती आणि तिच्यावरची चमक वेगळी झाली. एखाद्या ठिकाणचा रंगच तुमचा विषय असेल, तर रॉ काढणारा कॅमेरा हवा. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

पवनीत जुन्या किल्ल्याच्या दरवाजापाशी चहा घेतला. इथे १९६९-७० साली उत्खननात बौद्ध स्तूप निघाला. गाव विदर्भातल्या फार जुन्या वस्त्यांपैकी आहे. वैनगंगेच्या पुलावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. मग अंधार पडायच्या आत मामाच्या अंगणात. मामीनं वांगी आणि वाळलेल्या झिंग्यांचा रस्सा, भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण केलं होतं. लाखोळी इथे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या खाचरात, फेकून पेरतात. धान निघतं आणि मागे ती वाढत राहते.

जाणाऱ्यांसाठी: सातऱ्यावर जाताना रुमाल ओला करून तोंडाला बांधा आणि कॅमेऱ्याला लागलेला हात डोळ्याला लावू नका. मी लावला. अर्धा तास एक डोळा बंद होता.

दुसरा दिवस: पट

सकाळी धुकं होतं. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर दव, आणि चुलीपाशी सगळं घर गोळा झालेलं. बाहेरून गारठलेला कॅमेरा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले तर लेन्सवर वाफ धरली. थंडीतून आत येताना कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा, अर्ध्या तासानं काढावा. आईचा कॅमेरा रात्रभर तिच्या उशाशी, गोधडीत होता. तो लगेच चालू झाला.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. छकड्यावर जोडी हाकणारा एक धुरकरी, पुढे मोकळी धावपट्टी, आणि दोन्ही बाजूंना दोरीमागे हजारो माणसं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे थांबलं होतं. २०२१ च्या डिसेंबरात राज्याला अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मामा ती सगळी वर्षं तारखेनिशी सांगतो. त्याच्या दारातली जोडी त्या काळात विकली गेली, त्याचं दुःख अजून त्याच्या आवाजात आहे.

जोडी सुटली की काही सेकंदांचाच खेळ. माझा कॅमेरा अशाच क्षणासाठी बनलेला आहे. शटरचा वेग सेकंदाचा १/२०००, सेकंदाला दहा फोटो, आणि फोकस बैलाच्या डोळ्याला धरून त्याच्याबरोबर धावतो. एका फोटोत पांढऱ्या बैलाचे चारही खूर जमिनीपासून सुटलेले आहेत, जुवाखाली मानेची शीर ताणलेली आहे आणि धुरकऱ्याच्या तोंडातून सुटलेली लाळेची तारही स्पष्ट आहे. पन्नास पावलांवरून घेतलेला फोटो आहे तो.

आईनं पहिल्या जोडीला बटण दाबलं तेव्हा फोटोत फक्त धूळ आली. दुसऱ्या जोडीचं शेपूट आलं. खिशातल्या साध्या कॅमेऱ्यात बटण दाबणं आणि फोटो निघणं यांच्यात जो वेळ जातो, तो मुख्यतः फोकस शोधण्यात जातो. तिसऱ्या वेळी आईनं वेगळंच केलं. धावपट्टीवर आडवी मारलेली चुन्याची रेघ होती. तिनं त्या रेघेवर बटण अर्धं दाबून धरलं, फोकस तिथेच बांधला आणि वाट पाहिली. जोडी रेघेवर आली तसं उरलेलं अर्धं बटण दाबलं. फोटो आला! बैल थोडे हललेले आहेत, पण आहेत. आणि त्यांच्या मागे दोरीवर ओणवलेली माणसं, झाडावर चढलेली पोरं, फुगेवाला, सगळे स्पष्ट. माझ्या फोटोंत तीच माणसं रंगाचे पुसट ठिपके झाली आहेत.

याचं कारण सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याच्या, आकारात आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेम. आईच्या कॅमेऱ्याचा साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळात तीसपटीचा फरक पडतो. सेन्सर लहान, म्हणून लेन्सही अगदी आखूड, आणि त्यामुळे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट येतं. लग्नात आम्ही वधूमागची गर्दी पुसट करायला पैसे मोजतो. इथे ती गर्दीच पट होती.

दुपारपर्यंत माती हवेत उभीच होती. मला लेन्स बदलायची होती, तर मी गाडीत जाऊन, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलली. सेन्सर वाचला. आईनं मात्र प्रत्येक जोडीला कॅमेरा चालू केला, बंद केला. खिशातल्या कॅमेऱ्याची नळी बाहेर येते-जाते तेव्हा पिचकारीसारखी हवा आत ओढते, हवेबरोबर धूळही. चारच्या सुमाराला नळी अर्ध्यावर अडकली आणि पडद्यावर "बंद करून पुन्हा चालू करा" असा निरोप आला.

आई काही बोलली नाही. तिनं कॅमेरा मोज्यात ठेवला आणि दोन्ही हातांत धरून बसली. हा कॅमेरा तिनं शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी घेतला आहे आणि बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्याच कॅमेऱ्यातले आहेत. मामाच्या ओसरीवर मी नळी खाली धरून रबरी फुग्यानं कडेकडेनं हवा मारली, मऊ कुंचल्यानं माती काढली, पुन्हा हवा मारली. चौथ्या वेळी नळी आत गेली आणि नीट बाहेर आली. पण एक कण आत, सेन्सरपाशीच राहिला. तेव्हापासून आईच्या प्रत्येक फोटोत वर डावीकडे एक राखाडी ठिपका आहे. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून सेन्सर साफ करता येतो. याचा येत नाही, त्यासाठी तो पूर्ण उघडावा लागतो.

पटाला जाणाऱ्यांसाठी: धावपट्टीच्या शेवटी कधीही उभं राहू नका, बैल वेळेवर थांबतीलच असं नाही. दोरीच्या मागे, मध्यापासून थोडं पुढे जागा धरा. खिशातला कॅमेरा नेणार असाल तर तो एकदा चालू करून चालूच ठेवा, आणि एक जादा बॅटरी न्या. लहान बॅटरी दोनशेएक फोटोंत संपते.

दुसऱ्या दिवसाचीच रात्र: नाटक

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा पट्टा. इथे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि पटाच्या निमित्तानं गावोगाव नाटकं लागतात. बहुतेक मंडळ्या वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या. दिवसभर जीपवरचा भोंगा गावात नाटकाचं नाव पुकारत फिरतो. पट बघायला आलेले पाहुणे रात्री नाटकाला थांबतात आणि घरोघरी चुली विझतच नाहीत. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मामाच्या शेजारी बसलेले एक आजोबा ते असं सांगत होते, जणू त्यांच्याच घरात ती आली.

दहानंतर पडदा वर गेला. पुढे वाजवणारे, रंगमंचावर वरून टांगलेले माइक, मांडवात तणसावर आणि खुर्च्यांवर दाटीनं बसलेली माणसं, सगळे शाली-घोंगड्यांत. मी बाजूच्या खांबापाशी उभी राहिले. कोणाला त्रास नको म्हणून शटर मूक ठेवलं होतं. पंधरा मिनिटांनी फोटो तपासले तर सगळ्यांवर आडवे काळे पट्टे! चूक माझी होती. मूक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. मंद क्षणाला वाचलेल्या ओळी काळ्या येतात. मी यांत्रिक शटरवर आले, वेग १/१०० केला, पट्टे गेले. भोंग्यांच्या आवाजात शटरची खटखट कोणाला ऐकू येणार होती!

मग पुढचे चार तास मी जे काढू शकले, ते आईच्या कॅमेऱ्यानं कधीच निघालं नसतं. शेवटच्या अंकात घर सोडून निघालेली आई उंबऱ्यावर बसते. दिवे जवळजवळ विझलेले, एकच निळा दिवा. लेन्सचं छिद्र २.८ पर्यंत उघडं, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४००. तिच्या पापणीवर अडकलेला थेंब, कपाळावरचं पुसलेलं कुंकू आणि मागे अंधारात उभ्या मुलाची एक बाजू. प्रकाशाचा हिशेब या गावात समजावणं सोपं आहे. पाऊस तोच असतो, पण तीस बांध्यांत साठणारं पाणी आणि एका बांधीत साठणारं पाणी सारखं कसं असेल? आईच्या कॅमेऱ्यात तोच प्रसंग म्हणजे निळसर दाणेदार धूर आणि त्यात एक हललेली आकृती. तिनं एकदा फ्लॅश मारून पाहिला. तो तीन-चार मीटरच्या पुढे पोचला नाही, पुढच्या रांगेतली टोपरी तेवढी उजळली. त्यानंतर तिनं कॅमेरा मोज्यात ठेवला आणि नाटक पाहिलं. मला प्रसंग दिसले, नाटक तिनं पाहिलं. परतीच्या वाटेवर गोष्ट मी तिच्याकडून ऐकली.

मध्यंतरात मात्र आई मामीबरोबर पडद्यामागे गेली. मंडळीतली एक नटी मामीच्या माहेरच्या गावची. आईनं काढलेला तो एकच फोटो: नटी नववधूच्या पूर्ण शृंगारात, पायात लोकरी मोजे, अंगावर पुरुषी शाल, बशीतून चहा पिते आहे. मागच्या आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्या गोळ्याआड आईचा अर्धा चेहरा. मी दहा मिनिटांनी गेले तेव्हा व्यवस्थापक पुढे आले, "या मॅडम, कुठून आलात?" आणि सगळे कलाकार उठून ओळीत उभे राहिले. ते त्यांनी मानानं केलं. मी तो ओळीतला फोटो काढला आणि त्यांना पाठवलाही. बशीतला चहा मला मिळाला नाही.

नाटकाला जाणाऱ्यांसाठी: शाल नाही, जाड घोंगडी न्या. पहाटेपर्यंत बसायचं असतं. तिकीट संध्याकाळीच काढा. पडद्यामागे विचारल्याशिवाय जाऊ नका आणि प्रयोग सुरू असताना फ्लॅश अजिबात वापरू नका.

तिसरा दिवस: मावशीआजी

पहाटे पाचला झोपलो, अकराला उठलो. दुपारी शेजारच्या गावी आईच्या मावशीकडे गेलो. मावशीआजी नव्वदीला टेकल्यात. डोळ्यांना अंधूक दिसतं, पण आईच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. "आली का वं पोरी? काहून इतकी वाळली?"

त्या ओसरीवर सूप घेऊन लाखोळी निवडत होत्या. नजर कामाची नाही, सगळं बोटांवर. बोटं दाण्यांतून फिरतात, खडा लागला की थबकतात, अंगठ्यानं तो कडेला ढकलतात. उजव्या हाताचं मधलं बोट पुढच्या पेरापाशी वाकडं आहे, कधीतरी विळा लागलेला. ते वाकडं बोटच सगळ्यात आधी खडा ओळखतं, असं मी पंधरा मिनिटं बघून सांगते.

मी कॅमेरा काढला. शटरचा आवाज झाला तशी त्यांनी मान वर केली. "फोटोवाली आली का? थांब, नवं लुगडं नेसतो." सूप बाजूला गेलं. सुनेनं त्यांना खुर्चीवर बसवलं, डोक्यावर पदर घेतला, हात गुडघ्यांवर. मी जीव लावून फोटो काढले. ८५ मिलिमीटरला, दारातून येणाऱ्या उजेडात. चेहऱ्याची प्रत्येक रेघ, डोळ्यावरचा पांढुरका पडदा, कानातल्या जुन्या बुगडीचं सोनं. फार चांगले आलेत ते. सुनेनं तेच मोठे करून मागितले आहेत, आणि कोणत्याही घरात ते मानानं लागतील.

मी कॅमेरा ठेवला तसं मावशीआजींनी सूप परत मांडीवर घेतलं. आई जमिनीवर बसलेलीच होती, गुडघ्याला गुडघा लावून. ती बोलता बोलता कॅमेरा सुपाच्या अगदी कडेशी घेऊन गेली. साधा खिशातला कॅमेरा पूर्ण रुंदीवर असताना चार-पाच सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. माझ्या रोजच्या लेन्सला किमान ३८ सेंटिमीटर लागतात, आणि इतक्या जवळून काढायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागते. आईच्या फोटोत पुढे वाकडं बोट आणि त्याच्या टोकाखाली एक काळा खडा आहे, मागे सुपाची वीण आहे, त्यामागे मावशीआजींची हनुवटी, आणि सगळ्यात मागे चुलीपाशी उभी सून. सगळं दिसतं. माझ्या सेन्सरवर तेवढ्या अंतरावरून बोटाचं नख तेवढं स्पष्ट राहिलं असतं. आईच्या फोटोत वर डावीकडे, मावशीआजींच्या खांद्याजवळ, तो राखाडी ठिपकाही आहे.

मी आईला विचारलं, "त्यांना कळलं नाही का फोटो काढलेला?" आई म्हणाली, "कळलं ना. मी सांगूनच काढला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही एवढंच."

हे मी लग्नांत वापरायचं ठरवलं आहे. हळदीच्या सकाळी, घरातल्या बायका पाटाभोवती बसलेल्या असताना, मोठी लेन्स आत न्यायची नाही.

चौथा दिवस: नवेगावबांध आणि परत

अर्जुनी मोरगाववरून नवेगावबांधला गेलो. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथले लोक सांगतात. तलाव बांधणं आणि त्यावर धान पिकवणं ही कोहळी समाजाची जुनी विद्या. भोवती सात बहिणींचे डोंगर. परिसर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे.

आठला धुकं उठायला लागलं. हळदीकुंकू बदकांची एक रांग काठापासून लांब चालली होती. माझ्याकडे २०० पर्यंतचीच लेन्स. कॅमेऱ्यातच चौकट कापून ३०० सारखी केली, ३३ मेगापिक्सेलचे १४ उरले, तरी चोचीचं पिवळं टोक मोजता येतं. आईच्या आठपट झूमलाही पोच २०० एवढीच, आणि तिथे तिच्या लेन्सचं छिद्र इतकं लहान होतं की धुक्यात बदकं म्हणजे काळे ठिपके झाली. पक्ष्यांसाठी खिशातल्या कॅमेऱ्यावर विसंबून जाऊ नका, वाईट वाटेल. नुसती मोठ्या झूमची आशा धरूनही उपयोग नाही. उजेड कमी असला की झूम जितकं लांब तितका फोटो हलतो.

मग आईनं कॅमेऱ्याचं पॅनोरामाचं चाक लावलं आणि काठावर उभी राहून डावीकडून उजवीकडे हळूहळू वळली. सातही डोंगर एका पट्टीत आले, मधे धुक्याची रेघ, आणि मधोमध जाळं आवरणारा एक ढिवर, त्याची सावली पाण्यात. ठिपकाही आला, आकाशात. एखाद्या घारीसारखा दिसतो.

परतीला साकोलीवरून हायवे धरला. लाखनीला तर्री पोहे खाल्ले, चारला नागपूर.

घरी आल्यावर

माझे फोटो २,१४०, आईचे १६३. दोन संध्याकाळी टीव्हीवर लावले. एवढ्या आकारात बघायला लागलो की उजेडातल्या फोटोंत फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. आईचे २० मेगापिक्सेल तिथे पुरून उरतात. सावलीत शिरलो की झाडांची पानं रंगकाम केल्यासारखी लिबलिबीत होतात, आणि रात्री तर तुलनाच उरत नाही.

तेव्हा विचारणाऱ्या पाहुण्यांना माझं उत्तर आता असं आहे. नाटक, धावणारी जनावरं, पक्षी, पैसे घेऊन केलेलं काम, भिंतीएवढा प्रिंट, यातलं काही असेल तर मोठा सेन्सर घ्या, लेन्ससाठी पैसे राखून ठेवा आणि रॉ शिका. बसून बोलायची माणसं असतील, तर कपाटात पडलेला जुना खिशातला कॅमेरा शोधा, बॅटरी चार्ज होते का बघा. २०१० साली जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे निघाले होते, बहुतेक असलेच. तुमच्या घरात एखादा असेलच. विकत घ्यायचा तर आधी नळी दहा वेळा आत-बाहेर करून बघा आणि पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून ठिपके तपासा.

आणखी एक मोजणी मी केली. माझ्या २,१४० फोटोंत आई नऊ वेळा आहे, बहुतेक पाठमोरी. आईच्या १६३ फोटोंत मी एकेचाळीस वेळा आहे. त्यातल्या बहुतेकांत माझ्या तोंडापुढे कॅमेरा आहे, पण तीनांत नाही. एकात मी मामाच्या ओसरीवर तिचा कॅमेरा साफ करते आहे. तो तिनं मामीच्या मोबाइलवर काढून घेतला आणि आपल्या कार्डात टाकून घेतला, म्हणून तो ठिपक्याशिवाय आहे.

प्रिंट मामाकडे पाठवले. पांढऱ्या बैलाचा २० बाय ३०, धुरकऱ्यासाठी. मावशीआजींचे दोन, एक खुर्चीवरचा आणि एक सुपाचा. काल मामाचा फोन आला. बैलाचा फोटो देवघराशेजारी लागला आहे. खुर्चीवरचा सुनेनं बैठकीत लावला. सुपाचा मावशीआजींनी स्वतःकडे ठेवला, उशाखाली. दिसत नाही फारसं, पण सून सांगते काय काय आहे ते, आणि त्या बोट फिरवत ऐकतात. ठिपक्याचं सुनेनं सांगितलं तेव्हा त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि तो पुसायला घेतला. मामा म्हणाला, "दोनदा पुसला, बाई. मंग म्हणे, राहू दे, खडाच असंल सुपातला."